सामाईक मालकीचे वीज प्रकल्प : खान्देशातले लोक वारंवार विचारतात ते प्रश्न

मी यावल तालुक्यातला, घरची केळीची शेती. पंपाचं बिल समजून घ्यायचं म्हणून एकदा नाशिकला वीजदराच्या सुनावणीला गेलो आणि तेव्हापासून हे कागद वाचायची सवयच लागली. आता लग्नात, बँकेच्या लायनीत, सावद्याच्या बाजारात लोक थांबवून विचारतात, भाऊ तो अमुक प्रकल्प कुणाचा, आपला त्यात हिस्सा किती, मग लाइट का जाते. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतोय.

सामाईक मालकीचा प्रकल्प म्हणजे नेमकं काय हो?

आपल्याकडच्या माणसाला हे समजवायला सामाईक विहिरीइतकं सोपं काही नाही. आमच्या आजोबांच्या वेळची विहीर आहे, सातबाऱ्यावर सामाईक लागलेली, आमचे सहा आणे, मोठ्या काकांचे सहा आणे, धाकट्यांचे चार आणे. आता विहीर काही कापून वाटता येत नाही, हा काठ तुझा तो काठ माझा असं होत नाही. प्रत्येकाचा हिस्सा अख्ख्या विहिरीत असतो आणि वाटली जाते ती पाण्याची पाळी. वीज प्रकल्पाचंही तसंच, बॉयलर किंवा टर्बाइन वाटता येत नाही, सगळ्यांचा हिस्सा सगळ्या यंत्रात आणि वाटली जाते ती तयार झालेली वीज.

फक्त एक फरक नीट लक्षात घ्या, बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. विहिरीत सहा आणे मालकी म्हणजे सहा आणे पाणी आणि सहा आणे खर्च. वीज प्रकल्पात या तीन गोष्टी वेगवेगळ्या असू शकतात, मालकी एकाची, वीज दुसऱ्याला, आणि खर्च तिसऱ्याच प्रमाणात. म्हणून कुणी म्हटलं की "यात आपला २७ टक्के हिस्सा आहे" तर लगेच विचारायचं, कशात? मालकीत, विजेत की खर्चात?

एवढी भानगड कशाला, ज्याने त्याने आपापला प्रकल्प काढावा ना?

काही प्रकल्प एकट्याच्या आवाक्यात नसतात, कर्ज एवढं मोठं असतं की एका कंपनीला उचलवत नाही. आणि नदी तर हद्द बघून वाहत नाही, धरण एका राज्यात आणि बुडीत दुसऱ्या राज्यात असलं की एकट्याने काढताच येत नाही. पेंच नदीवरचं तोतलाडोहचं १६० मेगावॅटचं वीजघर घ्या, त्यात दोन वाटे मध्यप्रदेशाचे आणि एक वाटा महाराष्ट्राचा.

दीपनगर जॉइंट आहे का?

नाही. भुसावळजवळचं दीपनगरचं कोळशावरचं वीज केंद्र पूर्ण महानिर्मितीचं, म्हणजे राज्याच्या वीज बनवणाऱ्या कंपनीचं. ५००-५०० मेगावॅटचे दोन संच आणि आता नवीन ६६० चा, पाणी हतनूरचं, आणि वीज जाते महावितरणला. २००५ च्या जूनमधे जुन्या वीज मंडळाच्या चार कंपन्या झाल्या, वर होल्डिंग कंपनी आणि खाली महानिर्मिती, महापारेषण, महावितरण, त्यामुळे बनवणारा आणि घेणारा दोघांचा बाप एकच आहे, राज्य सरकार. पण सामाईक मालकी त्याला म्हणत नाहीत. राख आपल्या अंगणात पडते म्हणून मालकीत आपल्या जिल्ह्याचा वेगळा हिस्सा आहे असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं काही नाहीये.

मग खान्देशचा संबंध येतो तो सामाईक प्रकल्प कुठला?

सरदार सरोवर. आणि हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं याचं मला खरंच वाईट वाटतं. लोकांना वाटतं ते गुजरातचं धरण, नर्मदेवरचं, आपला काय संबंध. अहो, नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं त्या बुडितात आली, २४ अक्राणी म्हणजे धडगाव तालुक्यातली आणि ९ अक्कलकुव्याची. मणिबेलीचं नाव तर ऐकलंच असेल. भिल्ल आणि पावरा लोकांची गावं, पिढ्यान्‌पिढ्या नर्मदेच्या काठावर राहिलेली.

नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा १९७९ च्या डिसेंबरात लागू झाला. त्यात विजेची वाटणी अशी, मध्यप्रदेश ५७ टक्के, महाराष्ट्र २७, गुजरात १६. राजस्थानला पाणी आहे, वीज नाही. पाण्याच्या वाटणीत महाराष्ट्राला २.८ कोटी एकर-फुटांपैकी अडीच लाख एकर-फूट, म्हणजे १०० भागातला एक भागसुद्धा नाही. म्हणजे आपल्याला त्या नदीतून मोठं काही मिळणार असेल तर ती वीजच, बाकी काही नाही.

वीजघरं दोन आहेत. नदीपात्रातलं १२०० मेगावॅटचं, २०० चे सहा संच, आणि कालव्याच्या तोंडाशी २५० चं, ५० चे पाच संच. एकूण १४५०, त्याचे २७ टक्के काढले की ३९१.५ मेगावॅट. २००४ ते २००६ च्या दरम्यान हे सगळे संच चालू झाले.

म्हणजे महाराष्ट्र त्या धरणाचा २७ टक्के मालक आहे?

इथेच गफलत होते. धरण बांधलं आणि सांभाळतं ते गुजरात सरकारचं नर्मदा निगम, वीजघर चालवते गुजरातचीच वीजनिर्मिती कंपनी. महाराष्ट्राचा आहे तो विजेत हिस्सा, आणि त्याच्या बदल्यात वीजघराचा खर्च आणि धरणाच्या खर्चातला विजेकडे मांडलेला भाग, तोही २७ टक्क्यानेच द्यायचा. तेव्हा वीज फुकट येत नाही, भांडवल आपणही घातलेलं आहे, आणि देखभालीचे पैसे दरवर्षी चालूच. वाटणीवर नजर ठेवायला नर्मदा नियंत्रण प्राधिकरण आहे, इंदूरला.

विहिरीच्या भाषेत सांगायचं तर विहीर चुलतभावाच्या शेतात, मोटरची चावी त्याच्याकडे, आणि कागदावर आपले चार आणे चार पै. चुलतभाऊ वाईट आहे असं नाही म्हणत मी, पण चावी कुणाकडे आहे याने फरक पडतोच.

चावी दुसऱ्याकडे असली तर काय होतं?

२०१९ चा पावसाळा आठवा. धरणाचे दरवाजे २०१७ च्या जूनमधे बंद केले होते, आणि पहिल्यांदा १३८.६८ मीटर पूर्ण भरून बघायचं होतं, त्यामुळे गुजरातची भूमिका अशी की भरेपर्यंत नदीपात्रातलं वीजघर चालवायचं नाही. मध्यप्रदेशने त्यावर उघड आक्षेप घेतला. सप्टेंबरात धरण पूर्ण भरलं.

भांडणाचं मूळ साधं आहे. कालव्यात गेलेलं पाणी गुजरातच्या शेताला लागतं आणि त्यावर छोटं वीजघर चालतं, मोठं वीजघर चालतं ते नदीत सोडलेल्या पाण्यावर. ज्याला पाणी जास्त आणि वीज कमी मिळते तो पाणी धरून ठेवणार, ज्याला वीज जास्त मिळते त्याला ते टर्बाइनमधून जायला हवंय. एकाची केळी आणि दुसऱ्याचा हरभरा असेल तर पाळीवरून वाद व्हायचाच, केळीवाल्याला रोज पाणी लागतं आणि हरभऱ्यावाल्याला दोन पाण्यात भागतं.

मग असे वाद मिटवायचे कसे?

लिहून. दुसरा उपाय नाही. आमचीच गोष्ट सांगतो. एका मे महिन्यात मोटर जळाली, केळी ऐन वाढीत, वर ४४-४५ चं ऊन. काका म्हणाले, जळाली तेव्हा पाळी तुमची होती, तुम्ही भरा. वडील म्हणाले, वाइंडिंग जुनंच होतं, आज नाही तर उद्या जळणारच होतं, हिश्शाप्रमाणे भरा. दोघांचंही म्हणणं चूक नव्हतं. अकरा दिवस मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात तशीच पडून राहिली आणि तिकडे खालची पानं पिवळी पडून देठातून मोडायला लागली, घड सटकले, मी तेव्हा बारावीत होतो आणि रोज सकाळी जाऊन ती पानं कापायचो. शेवटी पैसे हिश्शाप्रमाणेच भरले, पण त्या वर्षीचं पीक गेलं ते तिघांचंही गेलं. तेव्हापासून पंपाच्या खोलीत खिळ्याला एक वही लटकवलेली आहे, तारीख, सुरू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, सही. मोटर, केबल, स्टार्टर यांचा खर्च हिश्शाने आणि बिल चालवलेल्या तासांप्रमाणे, हे पहिल्या पानावरच लिहिलंय आणि खाली तिघांच्या सह्या आहेत.

मोठ्या प्रकल्पांच्या करारात हीच वही असते, फक्त जाड. चालवणार कोण, कोळसा कोण आणणार, संच अचानक बंद पडला तर कुणाची वीज आधी कमी होणार, एखाद्याने पैसे थकवले तर त्याच्या वाट्याच्या विजेचं काय करायचं, आणि कुणाला हिस्सा विकायचा झाला तर आधी भावाभावात विचारायचं की परस्पर बाहेरच्याला विकता येतो. आणि विजेच्या वहीत दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ तुकडे असतात, प्रत्येक तुकड्याचा हिशोब वेगळा.

स्थिर आकार आणि वीज आकार, हे काय लफडं आहे?

स्थिर आकार म्हणजे आमच्या वहीतला हिश्शाने भरायचा खर्च, कर्जाचे हप्ते, व्याज, पगार, देखभाल, भांडवलावरचा परतावा. वीज घ्या नाहीतर नका घेऊ, प्रकल्प तयार उभा असला की हा द्यावाच लागतो. वीज आकार म्हणजे तासांप्रमाणे भरायचं बिल, कोळसा नाहीतर गॅस, जेवढी वीज तेवढे पैसे. महाग प्रकल्पात हिस्सा असला की हाच त्रास होतो, राज्याला बाहेर स्वस्त वीज मिळते म्हणून इकडची घेतली जात नाही पण स्थिर आकार चालूच राहतो आणि तो फिरून फिरून आपल्या बिलात येतो.

आपल्या २७ टक्क्याची वीज धडगावला जाते का?

नाही, आणि जाऊही शकत नाही तशी. सरदार सरोवरहून ४०० केव्हीची डबल सर्किट लाइन धुळ्याला येते, महाराष्ट्राचा वाटा उचलायला ती आहे, आणि धुळ्यात आली की ती राज्याच्या ग्रिडमधे, म्हणजे तारांच्या जाळ्यात, मिसळून गेली, मग ती कुणाच्या बल्बात पेटली हे कुणीच सांगू शकत नाही. हिस्सा हिशोबाचा असतो, तारेतल्या विजेवर नाव लिहिलेलं नसतं. पण लाइन खान्देशात येते आणि बुडीतही खान्देशातच, आणि तरी सातपुड्यातल्या पाड्यांना वर्षानुवर्षं लाइटीची वाट बघावी लागली, हे मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

आणखी एक, ३९१.५ मेगावॅट ही क्षमता आहे, रोज एवढी वीज येते असं नाही. धरणात पाणी किती आणि ते सोडलं किती, त्यावर सगळं. चांगल्या पावसाच्या वर्षी चांगली येते, नाहीतर संच नुसते उभे.

रावेरच्या पलीकडे खंडव्याला ते मोठं धरण आहे, त्यात आपलं काही आहे का?

इंदिरा सागर. पुनासाला आहे, खंडवा जिल्ह्यात, १००० मेगावॅट, आणि त्याच्या खाली ओंकारेश्वर ५२० मेगावॅट. आपला एक पैसाही नाही त्यात. पण मालकी आणि वीज वेगळी कशी असते ते बघायला हे उत्तम उदाहरण आहे. २००० साली केंद्राची जलविद्युत कंपनी एनएचपीसी आणि मध्यप्रदेश सरकार यांनी मिळून एनएचडीसी नावाची कंपनी काढली, ५१ टक्के एनएचपीसी आणि ४९ टक्के राज्य. मालकी अशी जवळपास अर्धी अर्धी, पण वीज सगळी मध्यप्रदेशाला. एनएचपीसीला तिच्या भांडवलावर परतावा मिळतो, वीज नाही. आणि हरसूद गाव २००४ मधे इंदिरा सागरच्या बुडितातच गेलं, भुसावळहून इटारसीकडे जाणाऱ्या जुन्या माणसांना ते स्टेशन आठवत असेल.

तारापूरचं तर त्याहून वेगळं. १९६९ चे पहिले दोन अणुसंच, मालक केंद्राची कंपनी, आणि वीज महाराष्ट्र आणि गुजरातला निम्मी निम्मी. मालकी शून्य, वीज अर्धी.

एनटीपीसी आणि राज्य मिळून प्रकल्प काढतात ते कसं?

एनटीपीसी म्हणजे केंद्र सरकारची वीज बनवणारी कंपनी. ती आणि राज्य मिळून नवीन कंपनी काढतात आणि शेअर वाटून घेतात. हरियाणात झज्जरचा १५०० मेगावॅटचा प्रकल्प, एनटीपीसी ५०, हरियाणा २५, दिल्ली २५. तामिळनाडूत वल्लूर, तोही १५०० चा, एनटीपीसी आणि तिथलं वीज मंडळ निम्मे निम्मे. राज्याकडे जमीन आणि पाणी, एनटीपीसीकडे चालवायचा अनुभव, आणि बँकही मग सहज कर्ज देते. निम्म्या निम्म्या मालकीचा तोटा असा की दोघांचं पटलं नाही तर निर्णयच होत नाही.

प्रकल्प तोट्यात गेला तर कुणी भरायचं?

महाराष्ट्राने याचा चटका खाल्लेला आहे. रत्नागिरी जिल्ह्यातला दाभोळचा वीज प्रकल्प. त्यात एन्रॉन, जीई, बेक्टेल या अमेरिकन कंपन्या होत्या आणि नंतर आपल्या वीज मंडळानेही १५ टक्के घेतले. म्हणजे मंडळ एकाच वेळी मालकही आणि एकुलतं गिऱ्हाईकही. वीज महाग म्हणून घ्यायची बंद केली तर मालक म्हणून आपलंच नुकसान, आणि घेतली तर गिऱ्हाईक म्हणून दिवाळं. २००१ च्या मे महिन्यात प्रकल्प बंदच पडला. २००५ मधे एनटीपीसी, केंद्राची गॅस कंपनी गेल आणि बँका यांना घेऊन रत्नागिरी गॅस नावाची नवी कंपनी काढली, राज्याची होल्डिंग कंपनीही त्यात होती, पण पुढे गॅस मिळेना आणि पुन्हा तेच रडगाणं. बनवणारा आणि घेणारा एकच असला तर दर ठरवताना दोन्हीकडून आपणच बोलत असतो, तेव्हा मधे तिसरा तपासणारा पाहिजेच.

अमेरिकेतही पोळलेत लोक. वॉशिंग्टन राज्यात ८८ सार्वजनिक वीजसंस्थांनी मिळून दोन अणुप्रकल्पांच्या खर्चाची हमी घेतली होती, काम अर्ध्यावर सोडलं, आणि १९८३ मधे तिथल्या कोर्टाने सांगितलं की असा करार करायचा या संस्थांना अधिकारच नव्हता. २२५ कोटी डॉलरचे रोखे बुडाले, ज्यांचे पैसे गेले त्यात साधी पेन्शनवाली माणसं पण होती. आणि अगदी २०१७ मधे साउथ कॅरोलिनात दोन अणुभट्ट्या अर्धवट सोडल्या, त्यात ४५ टक्के मालक राज्य सरकारची वीजसंस्था होती, एक युनिटसुद्धा वीज न मिळता ग्राहकांच्या बिलात खर्च येत राहिला. सही करायच्या आधी, काम अर्धवट राहिलं तर पैसे कुणाचे हे एक वाक्य करारात शोधायचं.

दर कोण ठरवतं, भागीदारच का?

नाही. एका राज्यापुरता प्रकल्प असेल तर राज्याचा नियामक आयोग, केंद्र सरकारच्या कंपनीचा किंवा एकापेक्षा जास्त राज्यांना वीज विकणारा असेल तर साधारणपणे केंद्रीय आयोग, २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे. आयोगापुढे ग्राहकाला लेखी हरकत देता येते, मराठीत चालते, वकील लागत नाही. मी देतो.

आपण गावाने किंवा नगरपालिकेने मिळून असा हिस्सा घेऊ शकतो का?

हो, आणि हा प्रश्न विचारणारे वाढलेत याचा मला फार आनंद होतो. ग्रुप कॅप्टिव्ह म्हणतात त्याला, म्हणजे अनेकांनी मिळून स्वतःच्या वापरासाठी काढलेला प्रकल्प. २००५ च्या नियमाप्रमाणे वापरणाऱ्यांची मालकी मिळून कमीत कमी २६ टक्के पाहिजे आणि वर्षाच्या विजेपैकी कमीत कमी ५१ टक्के त्यांनीच वापरली पाहिजे, शिवाय प्रत्येकाने आपल्या मालकीच्या प्रमाणात वापरायची, १० टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे आमच्या विहिरीचाच नियम बघा, सहा आणेवाल्याने सहा आणेच पाणी घ्यायचं. सहकारी संस्था असेल तर मात्र सभासदांनी सगळ्यांनी मिळून अट पाळली तरी पुरते, आणि खान्देशात सोसायट्यांची काय कमी आहे. कुसुम योजनेच्या पहिल्या भागात तर पडीक जमिनीवर ५०० किलोवॅट ते २ मेगावॅटचा सोलर प्रकल्प शेतकऱ्यांचा गट, सहकारी संस्था किंवा ग्रामपंचायत काढू शकते. साक्रीकडचं ऊन काय आहे ते सांगायची गरज नाही, महानिर्मितीनेही आपला मोठा सोलर प्रकल्प तिथेच टाकलाय.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात डाल्टन नावाचं छोटं शहर आहे, तिथल्या नगरपालिकेच्या वीजसंस्थेचा व्होगल या अणुप्रकल्पात १.६ टक्के हिस्सा आहे. एवढासाच, पण मालकीचा.

ज्यांची गावं बुडाली त्यांचा यात हिस्सा काय?

हा प्रश्न मला पहिल्यांदा धडगावच्या बाजारात एका म्हाताऱ्या बाबांनी विचारला. पावरी आणि मराठी मिसळून बोलत होते, हातात सोलरचा कंदील, दुरुस्तीला आणलेला, काच फुटली होती म्हणून वर प्लास्टिक बांधलेलं. त्यांचं म्हणणं एवढंच, नदी आमची, जमीन आमची, मग त्या लाइटीतली आमची किती? मी २७ टक्के सांगायला गेलो आणि मधेच थांबलो, कारण ते २७ टक्के महाराष्ट्राचे होते, त्यांचे नव्हते.

निवाड्यात विस्थापितांसाठी जमिनीची तरतूद आहे, ज्याची २५ टक्क्यांहून जास्त जमीन गेली त्या कुटुंबाला कमीत कमी २ हेक्टर ओलिताची जमीन, आणि सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरायचा. विजेत त्यांना वाटा नाही. नंतर २००८ च्या केंद्राच्या जलविद्युत धोरणात ती गोष्ट आली, प्रकल्पाच्या विजेतला १ टक्का स्थानिक विकासासाठी, आणि प्रत्येक प्रकल्पग्रस्त कुटुंबाला १० वर्षं महिन्याला १०० युनिट. पण सरदार सरोवरचा निवाडा त्याच्या जवळपास ३० वर्षं आधीचा.

त्याच निवाड्यात लिहिलंय की ४५ वर्षांनंतर वाटणीचा फेरविचार करता येईल, आणि ती ४५ वर्षं २०२४ च्या डिसेंबरात पूर्ण झालीत. पुन्हा कधी तिन्ही राज्यं बोलायला बसली तर महाराष्ट्राने आपल्या वाट्याच्या विजेचा शंभरावा भाग त्या ३३ गावांच्या नावाने वेगळा काढावा, ३९१.५ मधले ३.९ मेगावॅट, एवढं माझं मागणं आहे. नंदुरबारच्या ग्रामसभांनी तसे ठराव करावेत म्हणून एक कच्चा मसुदा मी लिहून ठेवलाय, मराठीत आहे, पावरीत करून द्यायला धडगावकडचे दोन शिक्षक तयार झालेत.